अस्वस्थतेला पाट मांडू या

हे लेखन सावकाश वाचण्यासाठी आहे. जिथे ‘थांबू या’ असं येईल तिथे खरोखरच थांबावं. दोन-चार श्वास जाऊ द्यावेत, डोळे मिटावेसे वाटले तर मिटावेत, मनात काही उमटत असेल तर ते पूर्ण उमटू द्यावं. पुढच्या ओळीची घाई नाही. तुमचं लग्न नवं असेल, जुनं असेल, मोडलेलं असेल किंवा झालेलंच नसेल. कोणाचा तरी संसार जवळून पाहतच आपण सगळे वाढलो, त्यामुळे हा विषय कोणालाच परका नाही.

मननाचा विषय आहे संसारात मध्येच कधीतरी येणारी अस्वस्थता. घरात वादावादी नाही, कोणी कोणाला फसवलेलं नाही, मुलं शाळेत जाताहेत, हप्ते भरले जाताहेत, सणवार होताहेत. तरी रात्री दिवा मालवल्यावर मनात काहीतरी चुळबुळत राहतं. एवढंच होतं का हे? या सगळ्यात मी कुठे आहे? शेजारी झोपलेल्या माणसाशी आज गॅस, डबे, फी, औषधं या सगळ्यांबद्दल बोलणं झालं; पण मनातलं असं शेवटचं कधी बोललो, ते आठवत नाही.

या चुळबुळीबद्दल जगात एक समजूत फार लोकप्रिय आहे. लग्नाच्या सातव्या वर्षी माणसाचं मन उंबरठ्याबाहेर धावू लागतं, अशी ती समजूत. ती अमेरिकेत घडली आणि सिनेमा, मासिकं, सल्ल्यांची सदरं, मित्रमैत्रिणींच्या गप्पा यांतून दूरवर पसरली. मराठी घरांतही ती आता ऐकू येते. आपल्या अस्वस्थतेकडे वळण्याआधी या समजुतीकडे नीट पाहू. कारण पुष्कळदा अस्वस्थता यायच्या आधीच तिच्याबद्दलची गोष्ट आपल्या मनात येऊन बसलेली असते.

समजूत कुठे घडली

२० नोव्हेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या फुल्टन थिएटरमध्ये जॉर्ज ॲक्सलरॉड या तरुण लेखकाचं ‘द सेव्हन इयर इच’ हे सुखात्म नाटक सुरू झालं. अमेरिकी बोलीत ‘सात वर्षांची खाज’ हे नाव पूर्वीपासून चिवट खरजेला दिलेलं होतं. ॲक्सलरॉडने ते लग्नाला लावलं. नाटकाचे १,१४१ प्रयोग झाले. जून १९५५ मध्ये बिली वाइल्डरने त्यावरून केलेला चित्रपट आला. त्यात मेरिलिन मन्रो होती.

गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कमधला कडक उन्हाळा. रिचर्ड शर्मनने बायकोला आणि लहान मुलाला सुटीसाठी थंड हवेच्या मेन राज्यात पाठवलं आहे आणि नोकरीमुळे तो स्वतः शहरात एकटा राहिला आहे. वरच्या मजल्यावर एक तरुणी राहायला येते. शर्मन पुस्तकांच्या प्रकाशनात काम करतो आणि त्याच्या हाती एका मानसोपचारतज्ज्ञाचं हस्तलिखित येतं. लग्नाला सात वर्षं झाली की पुरुषांचं मन भरकटतं, असा त्या हस्तलिखिताचा दावा आहे. शर्मन ते वाचतो, आणि वाचता वाचता त्याला आपल्यात तीच लक्षणं दिसू लागतात.

या तपशिलावर जरा रेंगाळू. शर्मन आधी वाचतो आणि मग त्याला तसं होऊ लागतं. ज्या समजुतीने पुढे इतका प्रवास केला, ती मुळात एका काल्पनिक डॉक्टरच्या काल्पनिक ग्रंथातली आहे. शर्मन बायकोपासून दूर आहे, उकाड्याने त्रासलेला आहे, डॉक्टरने सिगारेट सोडायला सांगितल्यामुळे बेचैन आहे. थकवा, एकटेपणा, वय पुढे सरकत चालल्याची जाणीव, असं त्याच्या अस्वस्थतेत बरंच काही असू शकतं. पण हातात आलेलं हस्तलिखित त्या सगळ्याला एकच नाव देतं आणि एकच दिशा दाखवतं, वरच्या मजल्याकडे जाणारी.

चित्रपट न पाहिलेल्यांनाही त्यातलं एक दृश्य ठाऊक असतं. भुयारी रेल्वेच्या झरोक्यावर उभी असलेली मन्रो आणि वाऱ्याने उडणारा तिचा पांढरा झगा. १५ सप्टेंबर १९५४ च्या रात्री लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू आणि ५२ व्या रस्त्याच्या कोपऱ्याजवळ त्याचं चित्रीकरण झालं, तेव्हा बघ्यांची प्रचंड गर्दी लोटली होती. त्या गर्दीत तिचा नवरा, बेसबॉलपटू जो डिमॅजिओ, हजर होता. त्यांचं लग्न त्याच वर्षी जानेवारीत झालं होतं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा घटस्फोट झाला. सात वर्षांच्या समजुतीचा चेहरा ठरलेल्या स्त्रीचं हे लग्न एक वर्षही टिकलं नाही. खरे संसार कुठल्याही ठरलेल्या मुदतीने चालत नाहीत, हे त्या चित्रीकरणाच्या जागीच दिसत होतं.

तरी समजूत पसरत गेली. २००७ साली जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात गाब्रिएल पाउली या राजकारणी बाईंनी प्रस्ताव मांडला की लग्नाची मुदत सात वर्षांची असावी आणि पुढे राहायचं असेल तर दोघांनी ते नव्याने मान्य करावं. त्यांच्याच पक्षातून कडाडून विरोध झाला आणि प्रस्ताव तिथेच विरला. पण रंगभूमीवर रुजलेला एक आकडा पंचावन्न वर्षांनी कायद्याच्या चर्चेत येऊन बसला होता. लोकप्रिय गोष्टीचं बळ असं असतं. आपण ती ऐकतो, हसतो, विसरतो. ती मात्र आपल्याला विसरत नाही.

थांबू या. लग्नाबद्दल तुम्ही ऐकलेलं सगळ्यात जुनं वाक्य कोणतं? ते कोणी म्हटलं होतं? आईने, मामाने, एखाद्या सिनेमाने? ते वाक्य मनात येऊ द्या. ते खरं की खोटं हे आत्ता ठरवू नका. इतकंच पाहा की ते तुमच्या संसाराच्या आधीपासून तुमच्याजवळ आहे.

आकडे काय सांगतात

यावर कोणी म्हणेल, समजूत नाटकातली असली तरी तिच्यात काही तथ्य असेलच. तेही पाहू.

मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्याविषयक वार्षिकांतून पन्नासहून अधिक समाजांची माहिती तपासली. त्यात घटस्फोटांचा भर लग्नाच्या चौथ्या वर्षाच्या आसपास दिसला. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहण्यांत, ज्यांचं पहिलं लग्न घटस्फोटात संपलं त्यांचं लग्न मध्यमानाने सुमारे आठ वर्षं टिकल्याचं दिसतं. एकीकडे चार, दुसरीकडे आठ. सात हा आकडा आसपास घोटाळतो खरा, पण त्याच्यात नियतीसारखं काही नाही.

त्याहून महत्त्वाचं असं की हे आकडे निघून गेलेल्यांचे आहेत. जे राहिले, ज्यांनी ती वर्षं कशीबशी किंवा छान पार केली, ते या हिशेबात येतच नाहीत. मोडलेल्या लग्नांच्या मध्यमानावरून चालू लग्नाचं भविष्य वाचता येत नाही. सातवं वर्ष लागलं म्हणून धास्तावायला नको, आणि विसावं उलटलं म्हणून निर्धास्त व्हायलाही नको.

आणखी एक अभ्यास मनाला थोडा चटका लावतो. जर्मनीत चोवीस हजारांहून अधिक माणसांची पंधरा वर्षांची माहिती तपासून रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली निष्कर्ष मांडला की लग्नाच्या सुमारास माणसाचं समाधान वाढतं आणि नंतर, सरासरीने पाहता, ते पूर्वीच्या पातळीवर परत येतं. काहींच्या बाबतीत ते वरच राहतं, काहींच्या बाबतीत आणखी खाली जातं. पण सरासरी माणूस जिथे होता तिथे येतो.

याचा अर्थ लग्न फसलं असा घ्यायचा का? मला तसं वाटत नाही. मन सुखाला सरावतं, जसं ते दुःखालाही सरावतं. सरावणं हा मनाचा धर्मच आहे, आणि त्यामुळेच मोठ्या आघातानंतरही माणूस पुन्हा उभा राहतो. त्याच धर्मामुळे पहिल्या वर्षी जिची चाहूल लागताच आपण दाराकडे पाहायचो, ती व्यक्ती आठव्या वर्षी आत आली तरी मान वर होत नाही. त्यात कोणाचा कमीपणा नाही. पण हे न समजल्यामुळे एक चूक सहज होते. आपल्या मनाच्या सरावाला आपण समोरच्या माणसाचा दोष समजू लागतो.

थांबू या. तुमच्या जोडीदाराची अशी एक गोष्ट आठवा, जी सुरुवातीला तुम्ही टक लावून पाहत होता आणि आता तुमच्या नजरेतून सुटते. बोलण्याची लकब, हसताना डोळ्यांचं बारीक होणं, आजारी माणसाच्या उशाशी न सांगता जाऊन बसणं. ती गोष्ट अजून तिथे आहे का? असेल, तर ती नाहीशी कुठून झाली होती?

कोणाची अस्वस्थता

आता पुन्हा त्या चित्रपटाकडे जाऊ आणि त्यात काय नाही ते पाहू.

वरच्या मजल्यावरच्या तरुणीला चित्रपटात नाव नाही. ती नुसती ‘मुलगी’ आहे. शर्मनच्या बायकोला नाव आहे, हेलन, पण ती मेनमध्ये आहे. तिच्या मनात काय चाललंय, सात वर्षांनी तिला काय वाटतं, याचा कोणी शोध घेत नाही. आपल्याला ती बहुतेक वेळा शर्मनच्या कल्पनेतूनच भेटते. सगळी बेचैनी, सगळी स्वगतं पुरुषाची. जणू अस्वस्थ होण्याचा अधिकार एकालाच होता आणि दुसरीने फक्त घर सांभाळून वाट पाहायची होती.

हेलनसारख्या बायकांच्या मनातलं आठ वर्षांनी पुस्तकातून बाहेर आलं. बेटी फ्रीडन यांनी १९५७ साली स्मिथ कॉलेजातल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणींना प्रश्नावली पाठवली होती. शिकलेल्या, चांगल्या घरात नांदणाऱ्या, मुलाबाळांत रमलेल्या या बायकांच्या उत्तरांत एक खोल असमाधान होतं आणि त्याला नाव नव्हतं. त्यातूनच १९६३ साली ‘द फेमिनाइन मिस्टिक’ हे पुस्तक झालं. त्या असमाधानात प्रियकराची ओढ मुख्य नव्हती. शिकलेलं वाया जातंय, दिवस दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर सरताहेत, आपण कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी आई आहोत पण आपण स्वतः कोण, हे प्रश्न मुख्य होते.

त्याच्याही खूप आधी, २१ डिसेंबर १८७९ रोजी, कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चा पहिला प्रयोग झाला होता. नोराच्या लग्नाला आठ वर्षं झाली आहेत. शेवटच्या अंकात ती नवऱ्याला समोर बसवते आणि त्याच्या लक्षात आणून देते की इतक्या वर्षांत आपण दोघं नवराबायको म्हणून गंभीरपणे बोलायला आज पहिल्यांदाच बसलो आहोत. नोरा घर सोडून गेली याची चर्चा जगभर झाली. मला मात्र तिच्या जाण्याइतकंच हे बसणं मोलाचं वाटतं. आठ वर्षं एका छपराखाली काढलेली दोन माणसं, आणि त्यांचं पहिलं खरं बोलणं त्यांच्या शेवटच्या रात्री होतं.

आपल्याकडच्या बायकांची अस्वस्थता पुस्तकांत यायच्या कितीतरी आधी जात्याशी बोलली जात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, न बोलणारा नवरा, मुलांवरची माया, सगळं त्यांत आहे. पहाटेच्या अंधारात जे जात्याला सांगितलं ते दिवसा उंबऱ्याच्या आत कोणालाच सांगता येत नव्हतं. दळण संपलं की बोलणंही संपायचं. ऐकणारं माणूस नव्हतं, म्हणून दगडाला सांगितलं गेलं.

थांबू या. आत्तापर्यंत तुम्ही आपल्याच अस्वस्थतेचा विचार करत आला असाल, ते साहजिक आहे. आता क्षणभर जोडीदाराच्या जागी बसा. त्याच्या किंवा तिच्या मनात रात्री काय चुळबुळत असेल? तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर अंदाज बांधू नका. ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर तसंच राहू द्या. पुढे त्याचा उपयोग होईल.

शेवट कोण लिहितं

शर्मनची आणि नोराची, अस्वस्थतेच्या या दोन्ही गोष्टींच्या शेवटांचं जे झालं ते विचार करण्यासारखं आहे.

ॲक्सलरॉडच्या मूळ नाटकात नायकाचे त्या तरुणीशी शरीरसंबंध येतात. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीला ते चालणारं नव्हतं, म्हणून चित्रपटात ते सारं त्याच्या कल्पनेपुरतं राहिलं आणि शेवटी तो मुलाचं विसरलेलं वल्हं घेऊन धावतपळत बायकोकडे निघतो. इब्सेनच्या बाबतीतही असंच घडलं. जर्मनीत नोराची भूमिका करणाऱ्या नटीला मुलांना टाकून जाणारी आई साकारायची नव्हती. दुसऱ्या कोणी शेवट बदलण्यापेक्षा आपणच बदललेला बरा म्हणून इब्सेनने जड मनाने वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांना पाहून थांबते.

दोन्हीकडे अस्वस्थता तीच राहिली आणि शेवट बाहेरच्यांनी ठरवला. आपल्या आयुष्यातही हेच होतं. एका बाजूला जुना आवाज असतो. लोक काय म्हणतील, मुलांकडे पाहा, सगळ्यांचं असंच असतं, मुकाट्याने सोस. दुसऱ्या बाजूला नवा आवाज असतो. आयुष्य एकदाच मिळतं, मन म्हणेल तिकडे जा, कंटाळा आला म्हणजे नातं संपलं. पहिला आवाज सांगतो, थांब. दुसरा सांगतो, निघ. तुझ्या मनात नेमकं काय आहे, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

राहणं हे आपोआप शहाणपण होत नाही आणि जाणं हे आपोआप धाडस होत नाही. अस्वस्थता ऐकून, समजून, त्यानंतर घेतलेला निर्णय तुमचा असतो, मग तो कोणताही असो. न ऐकता घेतलेला निर्णय दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

थांबू या. संसाराचा विचार करताना तुमच्या कानाशी कोणाचा आवाज जास्त मोठा असतो, ‘थांब’ म्हणणाऱ्याचा की ‘निघ’ म्हणणाऱ्याचा? त्या आवाजाला नमस्कार करा आणि थोडं लांब बसायला सांगा.

आपल्याकडचे सात

सातचा आकडा आपल्या लग्नातही आहे, आणि तो फार वेगळ्या जागी आहे. सप्तपदीत वधूवर सात पावलं चालतात. एकेक पाऊल एकेका गोष्टीसाठी असतं. अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू. सातवं पाऊल आहे सख्यासाठी. मित्र होण्यासाठी. ज्यांनी हा विधी रचला त्यांनी मैत्रीला सगळ्यात शेवटी ठेवलं, आणि ते पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण झालं असं मानलं.

स्वतंत्र भारताच्या कायद्यातही हे आलं. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला, न्यूयॉर्कमध्ये त्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी. त्याच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. त्याच कायद्याने घटस्फोटाची वाटही दिली. म्हणजे बांधून घेणं आणि मोकळं होणं, दोन्हींना त्याने जागा ठेवली.

आपल्या कायद्यात आणखी एक सात आहे आणि तो वाचताना हात थबकतो. १९८६ साली दंड संहितेत हुंडाबळीचं कलम ३०४-ब आलं. लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. एका समाजाने पहिली सात वर्षं नवऱ्याच्या कंटाळ्याशी जोडली. आपल्याला ती सुनेच्या जिवाशी जोडावी लागली.

म्हणून इथे स्पष्ट सांगायला हवं. सगळी अस्वस्थता मनन करण्यासाठी नसते. घरात मारहाण असेल, पैशांसाठी छळ असेल, दाराची कडी वाजली की पोटात गोळा येत असेल, तर ते भय आहे, आणि भयाला चिंतनाची गरज नाही. तिथे विश्वासाच्या माणसाला सांगायचं, १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ ला फोन करायचा, सुरक्षित जागी जायचं. पुढचं मनन अशा घरासाठी लिहिलेलं नाही. जिथे दोघंही निर्भयपणे एकमेकांसमोर बसू शकतात, तिथल्यासाठी ते आहे.

पाट मांडणं

आता आपल्या अस्वस्थतेकडे जाऊ. न बोलावता दारात आलेल्या पाहुण्यासारखी ती आहे. तिला हाकलायचं नाही आणि घराच्या किल्ल्याही तिच्या हाती द्यायच्या नाहीत. पाट मांडायचा, पाणी द्यायचं आणि विचारायचं, काय काम काढलंत?

पाठ ताठ ठेवून, पण न ताणता बसा. श्वास आहे तसा चालू द्या. संसारातला असा एखादा अलीकडचा क्षण आठवा, जेव्हा आत काहीतरी हललं होतं. फार मोठा नको. जेवताना कोणी मोबाइल पाहत राहिलं, आपण काही सांगायला गेलो आणि वाक्य अर्ध्यात तोडलं गेलं, लग्नाच्या वाढदिवसाला छान जेवूनही परतताना गाडीत शांतता होती, असा एखादा क्षण.

ती अस्वस्थता शरीरात कुठे आहे? घशात, छातीवर, पोटात, खांद्यांत? जिथे असेल तिथे लक्ष थोडं राहू द्या. तिला बदलायचं नाही.

आता एकेक प्रश्न सावकाश मनाशी म्हणा आणि प्रत्येकानंतर थोडी जागा सोडा.

मी थकलो आहे का, थकले आहे का? पुष्कळदा संसाराचा कंटाळा म्हणजे झोपेची उधारी असते.

माझं काही करायचं राहून गेलं आहे का? गाणं, अभ्यास, एखादं काम, एकट्याने केलेला प्रवास. ते अपुरेपण मी जोडीदाराच्या नावावर तर लिहीत नाही?

मला स्पर्श हवा आहे का? की एकांत हवा आहे? दोन्ही भुका संसारात असतात, दोन्ही मागता येतात, आणि दोन्ही मागायला आपल्याला लाज वाटते.

मला कोणी पाहावं असं वाटतंय का? घर चालवणारी व्यक्ती म्हणून नव्हे, मी म्हणून.

मी कुठलं दुःख न रडता पुढे आलो आहे का? आईवडिलांचं जाणं, न झालेलं मूल, सुटलेली नोकरी. अशी दुःखं संसाराचा चेहरा घेऊन परत येतात.

आणि शेवटचा प्रश्न, धीराने विचारण्याचा. या नात्यात मला खरोखरच काही असह्य आहे का, जे मी बरेच दिवस सह्य म्हणत आलो आहे? तसं असेल तर तेही ऐका. मननातून दरवेळी समेटच निघाला पाहिजे असा आग्रह नको. कधी त्यातून समुपदेशकाची वेळ ठरते, कधी सन्मानाने वेगळं होण्याची वाट दिसते. १९७६ साली परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद झाली तेव्हा कायद्यानेही दोघांना पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिने थांबायला सांगितलं. आता न्यायालय योग्य कारण असल्यास ही मुदत माफ करू शकतं, पण तिच्यामागचा विचार जपण्यासारखा आहे. जायचं असेल तरी विचार करून जा.

थांबू या. या प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाशी आत काही हललं? एकच निवडा. आजच्यासाठी तेवढं पुरे.

दोघांनी बसणं

आपल्याशी बोलून झालं की जोडीदाराशी बोलायची वेळ येते, आणि इथे बहुतेक जण मागे फिरतात. अस्वस्थता सांगणं म्हणजे तक्रार करणं, अशी आपली समजूत असते. ऐकणाऱ्यालाही ती आपल्यावरचा ठपका वाटते.

म्हणून वेळ ठरवून बसावं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, मुलं झोपलेली. एकाने थोडा वेळ बोलावं, दुसऱ्याने फक्त ऐकावं. उत्तर नको, बचाव नको, लगेच उपाय नको. मग अदलाबदल करावी. बोलणाऱ्याने ‘तू असा आहेस’, ‘तू अशी वागतेस’ इथून सुरुवात करू नये. ‘मला असं होतंय’ इथून करावी. आणि मघाशी जे ‘मला ठाऊक नाही’ तसंच ठेवलं होतं ते आता जोडीदारासमोर मांडावं. तुझ्या मनात अलीकडे काय चाललंय ते मला ठाऊक नाही, आणि मला ऐकायचं आहे. वर्षानुवर्षांच्या सहवासानंतर हे म्हणायला धीर लागतो, कारण एकमेकांना पूर्ण ओळखतो या भरवशावरच आपण विचारणं सोडलेलं असतं.

बोलण्याइतकंच बरोबर काही नवं करणंही उपयोगाचं आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधले आणि मध्ये हातांनी न धरता उशी सांभाळत, रांगत, अडथळा ओलांडायला लावला. काही जोडप्यांना साधं, सरधोपट काम दिलं. काम फक्त सात मिनिटांचं होतं. नवं आणि दमछाक करणारं काम मिळून केलेल्या जोडप्यांना त्यानंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान वाटलं. यात मला मोठा दिलासा दिसतो. मन ज्या सवयीने जोडीदाराला नजरेआड करतं, ती सवय मोडायला नवा माणूस लागत नाही. त्याच माणसाबरोबर नवं काही करून पाहणं पुरतं. बरोबर पोहायला शिकावं, नवी भाषा शिकावी, न चढलेला गड चढावा, ज्या कामात दोघंही कच्चे आहेत असं एखादं काम हाती घ्यावं. दोघंही नवशिके असले की पुन्हा एकमेकांकडे पाहणं होतं.

या सगळ्या मननातून मला जे कळलं ते सांगतो. संसारात अस्वस्थता येणं हे लग्न संपल्याचं लक्षण नाही आणि लग्न चांगलं चालल्याचं प्रमाणपत्रही नाही. दोन माणसं जिवंत आहेत, बदलत आहेत, एवढंच ती सांगते. सात वर्षांची समजूत आपल्याला या अस्वस्थतेची तारीख देते आणि तिचं उत्तर म्हणून एक तिसरं माणूस देते. सप्तपदी त्याच आकड्यावर मैत्री मागते. पत्नी, पती, आई, बाप, कमावणारा, सांभाळणारी ही सगळी नाती कर्तव्यावर चालू शकतात. मैत्री चालत नाही. ती ऐकण्यावर चालते. तुमची अस्वस्थता सगळ्यात आधी ज्याला सांगता यावी, असा मित्र तुमच्या जोडीदारात आहे का, आणि त्याची किंवा तिची ऐकून घेईल असा मित्र तुमच्यात आहे का, हा खरा प्रश्न आहे. तो लग्नाच्या कुठल्याही वर्षी विचारता येतो. या आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि तो एकमेकांना विचारा.